अधिक मुक्काम

प्रवासाचा बेत ठरतांना घरांत जो वाद होतो, तो जावें कोठें ह्यावर क्वचितच होतो. काशी, प्रयाग, गया, किंवा मथुरा, आग्रा, जयपूर, अशीं गांवें ठरलेलीं असतात. गाड्याही ठरलेल्या असतात. पंचांग आणि वेळापत्रक शेजारींशेजारीं मांडून हिशेब केला आणि हातांत एक दिवस जास्त उरला, म्हणजे खरा वाद सुरू होतो. आजीला तो दिवस गंगेच्या कांठीं हवा असतो. मुलांना ताजमहाल दोनदां पाहावयाचा असतो. घरच्या कर्त्या पुरुषास वाटतें कीं एक दिवस आधींच परतून विसावा घ्यावा. आणि वाटेंत ज्या गांवीं आपला एखादा नातलग आहे तेथें तो दिवस द्यावा, असें गृहिणीचें म्हणणें पडतें. माझ्या अनुभवाप्रमाणें बहुधा गृहिणीचा पक्ष जिंकतो, आणि तसें होतें तें योग्यच होतें असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. त्याचें कारण पुढें येईल.

ठरलेले मुक्काम खरें म्हणजे आपण ठरविलेले नसतातच. ते शास्त्रानें, रूढीनें आणि आगगाडीच्या सांध्यांनीं ठरविलेले असतात. उरलेला दिवस तेवढा आपला असतो, आणि तो आपण कोठें घालवितों ह्यावरून आपण कोणत्या जातीचे प्रवासी आहों हें कळून येतें. इतिहासांतील थोरामोठ्यांच्या प्रवासांकडे ह्या दृष्टीनें पाहण्याची आपणांस संवय नाहीं. कोण केव्हां निघाला, केव्हां पोचला, एवढ्या तारखा आपण टिपून घेतों. मधल्या रिकाम्या दिवसांकडे सहसा लक्ष जात नाहीं. थोरल्या बाजीरावाच्या मातुश्री राधाबाई ह्यांच्या १७३५-३६ च्या काशीयात्रेचे असे रिकामे दिवस मोजून पाहिले, तेव्हां मला त्यांत जें दिसलें तें येथें सांगावयाचें आहे.

आरंभीं त्या काळच्या प्रवासाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ७ मार्च १८७० रोजीं जबलपुरास मुंबईकडील व कलकत्त्याकडील असे दोन लोहमार्ग एकमेकांस जोडले गेले, आणि मुंबईहून काशीला जाणें हा कांहीं दिवसांचा प्रश्न होऊन बसला. त्यापूर्वीं तो महिन्यांचा प्रश्न होता, आणि पुष्कळांच्या बाबतींत जन्माचा. निघतांना माणसें घरदार कोणाच्या तरी स्वाधीन करून, देणेंघेणें फेडून निघत. मजल पांच-सात कोसांची. मेणे, डोल्या, बैल, तट्टें आणि पायीं चालणारे ह्या सर्वांना मिळून झेपेल तेवढी. नदी भरली कीं उतार मिळेपर्यंत मुक्काम. ग्रहण, पर्व, आजार, सोयरसुतक ह्यांमुळें मुक्काम. तीर्थीं गेल्यावर तर शास्त्राचा हिशेब वेगळाच. पैठणच्या भट्ट घराण्यांतील नारायण भट्टांनीं सोळाव्या शतकांत काशीस राहून 'त्रिस्थलीसेतु' नांवाचा ग्रंथ रचला; प्रयाग, काशी व गया ह्या तीन ठिकाणीं यात्रेकरूनें काय काय करावें ह्याचा तो मोठाच कोश आहे. उपोषण, क्षौर, स्नान, श्राद्ध हे विधि एकामागून एक करावयाचे, म्हणजे तीर्थीं तीन रात्री तरी गेल्याच. ह्या साऱ्या मुक्कामांस अधिक मुक्काम म्हणतां येत नाहीं. ते प्रवासाचे ठरलेलेच भाग. ज्या मुक्कामास नदी, शास्त्र किंवा दुखणें ह्यांपैकीं एकही कारण पुरेसें होत नाहीं, तो अधिक.

आतां राधाबाईंच्या तारखा पाहूं. पेशवे दप्तरांतील निवडक कागद सरदेसायांनीं १९३० नंतरच्या चार-पांच वर्षांत पंचेचाळीस भागांत छापून काढले, तेव्हांपासून ह्या यात्रेचा माग लागणें सोपें झालें आहे. १४ फेब्रुवारी १७३५ रोजीं त्या पुण्याहून निघाल्या. ८ मार्च रोजीं बऱ्हाणपुरास पोचल्या. ६ मे रोजीं उदेपूर, २१ जून रोजीं जयपूर, १७ ऑक्टोबर रोजीं काशी, पुढें गया, आणि १ जून १७३६ रोजीं पुण्यास परत. एकंदर ४७३ दिवस झाले.

हे आंकडे नुसते वाचून सोडून दिले तर त्यांत कांहींच नाहीं. पण जरा भागाकार करावा. पुण्याहून बऱ्हाणपूर जुन्या वाटेनें दीडशें कोसांच्या आंतबाहेर. तें अंतर बावीस दिवसांत कापलें, म्हणजे रोजची मजल सहा-सात कोसांची पडली. लवाजमा, बायकामाणसें आणि ब्राह्मणांची मांदी बरोबर असतां ही चाल चांगलीच म्हटली पाहिजे. बऱ्हाणपुराहून उदेपूर ह्याहून फार दूर नाहीं. तीच चाल ठेवली असती तर महिन्याच्या आंत उदेपूर गांठलें असतें. प्रत्यक्षांत एकुणसाठ दिवस लागले. ते कां लागले? वाटेंत नर्मदा आहे, ओंकारेश्वर आहे, हें खरें. पण उन्हाळ्यांत नर्मदा कोणास महिनाभर अडवीत नाहीं.

ह्याचें उत्तर तीर्थांत नाहीं, लढाईंत आहे. राधाबाई निघाल्या तेव्हां ज्या राजांच्या राज्यांतून त्यांना जावयाचें होतें त्याच राजांशीं त्यांच्या मुलाच्या सरदारांचें युद्ध चाललेलें होतें. एप्रिल १७३४ मध्यें मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे ह्यांनीं बुंदीच्या गादीच्या भांडणांत पडून सवाई जयसिंगानें बसविलेल्या माणसास तेथून हुसकलें होतें. बुंदीची राणी ही जयसिंगाच्याच कुळांतली. तिनें मल्हाररावास राखी बांधून मदतीस बोलाविलें होतें. ह्या प्रकारानें राजपूत राजे जागे झाले. १७ जुलै १७३४ रोजीं मेवाडांतील हुरडा येथें उदेपूर, जयपूर, जोधपूर, कोटा वगैरे संस्थानांचे अधिपति एकत्र जमले, आणि पावसाळा सरतांच मराठ्यांवर मिळून चालून जावें असा करार त्यांनीं केला. हिंवाळ्यांत बादशहाचा मीरबक्षी खानदौरान मोठी फौज घेऊन आला. जयसिंग त्यास मिळाला. होळकर-शिंद्यांनीं त्या अवजड फौजेस रामपुऱ्याच्या बाजूस गुंतवून ठेविलें, आणि स्वतः तिला वळसा घालून थेट जयपूरच्या मुलखांत शिरले. फेब्रुवारी १७३५ च्या अखेरीस त्यांनीं सांभर लुटलें. सांभर हें जयपुराहून अवघें वीस-बावीस कोस. म्हणजे राधाबाईंचा मेणा बऱ्हाणपूरच्या वाटेवर होता, त्याच आठवड्यांत त्यांच्या मुलाचे स्वार त्यांच्या भावी यजमानाचें गांव लुटीत होते!

२४ मार्च रोजीं कोट्यास तह ठरला. माळव्याच्या चौथाईबद्दल बादशहातर्फे सालीना बावीस लाख रुपये देण्याचें खानदौरानानें कबूल केलें. ह्या तहाची बातमी कोट्याहून दक्षिणेकडे येण्यास जे दिवस लागले असतील, ते धरून पाहिलें म्हणजे बऱ्हाणपूर व उदेपूर ह्यांमधील ते मंद दिवस बोलूं लागतात. माझी समजूत अशी आहे कीं यात्रेकरूंचा हा तांडा बातमीची वाट पाहत हळूहळू पुढें सरकत होता. एखादा ह्यास तर्क म्हणेल. मी त्यास हरकत घेणार नाहीं. मात्र दुसरा कोणताही हिशेब त्या तारखांशीं इतका जुळत नाहीं.

येथें एक जुनी गोष्ट आठवते, आणि राधाबाईंनाही ती ह्या वाटेवर अनेकदां आठवली असेल असें वाटल्यावांचून राहत नाहीं. शाहूमहाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभींच्या वर्षांत बाळाजी विश्वनाथ दमाजी थोराताशीं बोलणें करण्यास हिंगणगांवीं गेले. बेलभंडाराची शपथ झाली होती, म्हणून बायकोमुलें बरोबर होतीं. दमाजीनें सर्वांना पकडून कैदेंत घातलें. शपथेची आठवण दिली तेव्हां त्यानें उत्तर केलें कीं बेल म्हणजे झाडाचें पान आणि भंडार म्हणजे रोज खावयाची हळद, त्यांत काय आहे! राखेचे तोबरे तोंडास बांधण्याच्या धमक्या झाल्या. शेवटीं शाहूमहाराजांनीं दंड भरून सर्वांना सोडविलें. त्या कैदेंत राधाबाई होत्या, आणि बाजीराव व चिमाजी हीं मुलेंही होतीं. पाहुणा म्हणून गेलेलें माणूस ओलीस कसें होतें हें कळण्यासाठीं राधाबाईंना कोणत्याही बखरीची गरज नव्हती.

आणि अशा बाईनें पतीच्या निधनास पंधरा वर्षें होत आलीं असतां, हुरड्याच्या करारावर सही करणाऱ्या राजांच्या दारांतून काशीस जाण्याचें ठरविलें.

उदेपुरास महाराणा जगतसिंग गादीवर येऊन दीड वर्षही झालें नव्हतें. तेथें त्यांचें स्वागत झालें. पुढें नाथद्वार. श्रीनाथजींची मूर्ति औरंगजेबाच्या भीतीनें व्रजांतून हलविली, ती १६७२ मध्यें मेवाडांत स्थिर झाली. त्यामुळें काशीच्या यात्रेकरूस वाटेवरच व्रजाचा एक तुकडा भेटूं लागला होता. नाथद्वाराचें दर्शन ठरलेल्यांपैकींच होतें. त्याविषयीं जास्त लिहिण्यासारखें कांहीं नाहीं.

खरा प्रश्न जून महिन्यांत उभा राहिला. पावसाळा कोठें काढावयाचा? प्रत्येक यात्रेकरूपुढें हा प्रश्न येत असे, आणि चार महिन्यांच्या विश्रांतीची जागा निवडणें म्हणजे साऱ्या यात्रेचें मर्म निवडणें होतें. राधाबाईंपुढें तीन मार्ग होते असें दिसतें. मेवाडांतच थांबतां आलें असतें; नाथद्वारासारखें देवस्थान, राणा अनुकूल, आणि प्रसंग पडल्यास माळव्यांतील मराठी फौजा जवळ. सावधपणाचा सल्ला विचारला तर हाच. दुसरा मार्ग धर्माचा: जरा घाई करून मथुरा-वृंदावन गांठावें. श्रावणांतले झुले, गोकुळअष्टमी, परिक्रमा; चातुर्मास काढण्यास व्रजासारखें स्थान उत्तरेंत दुसरें नाहीं, आणि काशी तेथून पुढें सरळ वाटेवर. तिसरा मार्ग जयपुराचा. जयपुरास तीर्थ नाहीं. तें गांव तेव्हां जुनेंसुद्धां नव्हतें. १७२७ च्या नोव्हेंबरांत त्याचा पाया घातलेला, म्हणजे राधाबाई पोचल्या तेव्हां त्यास आठ वर्षेंही झालीं नव्हतीं. सरळ आंखलेले रस्ते, नवे बाजार, आणि आकाशांतील ग्रह मोजण्यासाठीं बांधलेलीं दगडचुन्याचीं प्रचंड यंत्रें. काशीस निघालेल्या विधवा ब्राह्मण स्त्रीस ह्यांत पुण्य कोठें दिसावें?

तरी मोठा मुक्काम पडला तो जयपुरासच. पुन्हां भागाकार करूं. २१ जून ते १७ ऑक्टोबर हे ११८ दिवस. जयपुराहून मथुरेवरून प्रयाग व तेथून काशी हें अंतर अडीचशेंपासून पावणेतीनशें कोसांपर्यंत धरावें. पुणें-बऱ्हाणपूरच्या चालीनें तें चाळीस दिवसांचें काम. उरले जवळजवळ अडीच महिने. त्यांतून मथुरा, वृंदावन व प्रयाग येथील विधींचे दिवस वजा केले तरी जयपूरच्या वांट्यास पावसाळ्याचा बराच मोठा भाग येतो. आंकडा काटेकोर नाहीं, पण ह्या यात्रेंतील अधिक दिवस कोठें गेले ह्याबद्दल शंका राहत नाहीं.

सवाई जयसिंग हा मनुष्य समजण्यास कठीण. तो बादशहाचा माळव्याचा सुभेदार. मराठ्यांशीं लढण्याचा हुकूम त्यासच, आणि मराठ्यांशीं गोडी ठेवण्याचा आरोपही त्याच्यावरच. वैदिक यज्ञांची त्याला हौस, ज्योतिषाचें वेड, आणि मुत्सद्देगिरींत तो कोणास हार जाणारा नव्हता. एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनीं विसरूं नये. त्याच्या दरबारांत महाराष्ट्रीय पंडितांस मान मोठा होता. त्याचे गुरु रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. आणि ज्यांनीं युक्लिडची भूमिति 'रेखागणित' ह्या नांवानें संस्कृतांत आणली ते जगन्नाथ सम्राट हेही तसेच. तेव्हां जयपुरांत राधाबाईंना मराठी बोलणारें, आपल्या आचाराचें, सोंवळेंओंवळें जाणणारें मंडळ भेटलें असलें पाहिजे. परक्या राज्यांत नातलग नसला तरी नातलगासारखें घर होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. आरंभीं गृहिणीच्या मताविषयीं मी जें म्हटलें त्याचें कारण हेंच. जेथें आपलें कोणी आहे, किंवा ज्यास आपलें करून घ्यावयाचें आहे, तेथें उरलेला दिवस द्यावा हा जो बायकांचा हिशेब, तो राजकारणांतही कधीं कधीं पुरुषांच्या हिशेबापेक्षां खरा ठरतो.

जयसिंगाच्या बाजूनें पाहतां ह्या मुक्कामाचें मोल निराळेंच होतें. दिल्लींत त्याच्याविरुद्ध कुजबूज चालली होती; बावीस लाखांचा कोट्याचा तह म्हणजे त्यानें व खानदौरानानें मिळून केलेली फितुरी, असें त्याचे शत्रु बादशहास सांगत होते. सुभेदारी जाण्याचें भय होतें. अशा वेळीं पेशव्याची आई आपल्या नगरांत पाहुणी म्हणून राहिली आहे ह्या गोष्टीचे दोन अर्थ होऊं शकत होते. तिला सुखरूप ठेविली, तर पेशवा ऋणी. तिच्या केंसास धक्का लागला, तर होळकर-शिंद्यांना सांभर पुन्हां दूर नव्हतें. जयसिंगानें पहिला अर्थ घेतला. त्यानें आदरसत्कारांत उणें पडूं दिलें नाहीं, आणि त्या वर्षाच्या ऑगस्टांत, म्हणजे ह्याच पावसाळ्यांत, बाजीरावास त्याच्याकडून निरोप गेला कीं आपण स्वतः उत्तरेंत यावें, खर्चाची व सुरक्षिततेची हमी आम्ही घेतों, बादशहाशीं बोलणें आम्ही घडवून आणतों. हा निरोप पाठविणारा तोच, ज्यानें वर्षापूर्वीं हुरड्यास मराठ्यांविरुद्ध राजे गोळा केले होते.

राधाबाईंमुळें हें सर्व झालें असें म्हणणें हा अतिरेक होईल. कोट्याचा तह त्यांच्यापूर्वींचा, आणि जयसिंगाचें दिल्लीशीं बिनसलें होतें त्याचीं कारणें त्याचीं स्वतःचीं. कांहीं अभ्यासकांना ही यात्रा म्हणजे बाजीरावानें योजलेली वकिलातच वाटते; आईस पुढें पाठवून त्यानें राजपुतान्याची नाडी पाहिली, असें ते मानतात. मला हें पटत नाहीं. ज्या काळीं काशीयात्रा ही विधवेच्या आयुष्यांतील शेवटची मोठी इच्छा असे, त्या काळच्या बाईची श्रद्धा हा एक डावपेंच होता असें म्हणण्यांत आपलाच अश्रद्धपणा दिसून येतो. यात्रा खरी होती. पण यात्रेंत अधिक दिवस उरतात, आणि ते कोणत्या दारीं घालवावे हें ठरवितांना डोळे मिटण्याची गरज नसते. मेवाडांत थांबणें म्हणजे अविश्वास दाखविणें झालें असतें. जयपूर दोन दिवसांत ओलांडून मथुरेस पळणें हेंही तसेंच. सांभरची राख निवाली नाहीं तोंच जयपूरकराच्या घरीं पावसाळा काढणें ह्यांत जो विश्वास दिसला, तो दहा खलित्यांनीं दिसला नसता. हिंगणगांवची कैद भोगलेल्या बाईनें तो दाखविला हें तर विशेष.

पुढच्या वाटेवर तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. यमुनेच्या बाजूस महंमदखान बंगषानें त्यांचा आदर केला व वाटेचा बंदोबस्त करून दिला. १७२९ मध्यें छत्रसालाच्या मदतीस धांवून जाऊन बाजीरावानें ज्याला जैतपुरास कोंडून उपाशी मारण्याची वेळ आणली होती, तोच हा बंगष. बाजीरावाच्या आईस त्यानें आपल्या आईप्रमाणें वागविलें. त्या पिढींतील शत्रुत्वास अशा कांहीं मर्यादा होत्या. त्या पाळल्या जात तोंवर एका बाईचा मेणा पुण्याहून गयेपर्यंत जाऊन परत येऊं शकत होता.

१७ ऑक्टोबरास काशी. पाऊस सरलेला, गंगा निवळूं लागलेली, पुढें कार्तिकस्नानाचे दिवस. व्रजांतल्या श्रावणाचा लोभ सोडल्याची भरपाई काळानें अशी करून दिली. विश्वनाथाचें जुनें देऊळ १६६९ मध्यें पाडलें गेलें होतें आणि अहल्याबाईंचें देऊळ उभें राहण्यास अजून चाळीस वर्षें होतीं. तेव्हां राधाबाईंनीं जी काशी पाहिली ती आपल्या आजोबा-पणजोबांनीं पाहिलेली काशी नव्हे. घाट होते, गंगा होती, दक्षिणी पंडितांचीं घराणीं होतीं. त्याच ऑक्टोबरांत बाजीरावानें पुणें सोडलें. आई गयेकडे वळली आणि मुलगा त्याच आईच्या वाटेनें निघाला. फेब्रुवारी १७३६ मध्यें तो उदेपुरास महाराण्याच्या घरीं पाहुणा होता, आणि पुढें किसनगडाच्या मुलखांत जयसिंगाची व त्याची भेट झाली. बादशहाकडे पाठविलेल्या मागण्यांत प्रयाग, काशी, गया व मथुरा हीं तीर्थक्षेत्रें आपल्या हवालीं करावीं अशीही एक मागणी होती. त्या मागणीचा मसुदा होतांना आईच्या पत्रांतील वर्णनें मुलाच्या मनांत नसतील, हें मला खरें वाटत नाहीं. मागण्या मान्य झाल्या नाहींत; पुढल्या वर्षीं बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभा राहिला, तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. राधाबाई मात्र १७३६ च्या जूनच्या पहिल्या तारखेस, मृगाच्या तोंडावर, पुण्यास घरीं आल्या होत्या.

ह्यानंतर पंचवीस वर्षांनीं उत्तरेस निघालेल्या दुसऱ्या एका आईची हकीकत सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करवत नाहीं. १७६० सालीं सदाशिवरावभाऊ अब्दालीवर निघाले तेव्हां त्यांच्या फौजेच्या आश्रयानें हजारों यात्रेकरू निघाले. बंगषासारखे उदार शत्रु तोंवर संपले होते. फौजेच्या सावलीवांचून तीर्थास जाण्याचें धैर्य कोणास उरलें नव्हतें. ह्या मंडळींत नाना फडणीस होते; वय अठरा, बरोबर बायको आणि आई. ह्या यात्रेंत मुक्काम पडत ते यात्रेकरूंच्या सोयीनें पडत नसत आणि फौजेच्याही सोयीनें पडत नसत; एकाची अडचण दुसऱ्यास लागे. दिल्लींत दोन महिन्यांहून जास्त दिवस गेले. त्याला पाऊस आणि पैशाची टंचाई हीं कारणें होतीं. १० ऑक्टोबरास दिल्ली सोडली, १७ ऑक्टोबरास कुंजपुरा घेतला. तेथें धान्य मिळालें, द्रव्य मिळालें, आणि दोन दिवसांनीं दसरा आला. तो थाटानें झाला.

आतां हातांत कांहीं दिवस उरले होते. ते दक्षिणेकडे यमुनेचे उतार राखण्यांत घालवावे, कीं उत्तरेकडे कुरुक्षेत्राच्या बाजूस? कुरुक्षेत्र कुंजपुऱ्याहून पंधरा-सोळा कोस. छावणींतील हजारों मनांत त्या स्नानाची ओढ असली पाहिजे, आणि इतक्या जवळ येऊन परत फिरा असें यात्रेकरूंस सांगणें कोणत्या सेनापतीस सोपें गेलें असतें? फौज त्या बाजूस निघाली. इकडे २५-२६ ऑक्टोबरास अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि दिल्लीचा रस्ता त्याच्या हातांत गेला. भाऊसाहेब माघारी वळले, ते महिनाअखेरीस पानिपतास येऊन थांबले. तो मुक्काम अडीच महिन्यांचा झाला. त्या मुक्कामांतला एकही दिवस त्यांनीं आपल्या मर्जीनें निवडलेला नव्हता.

१४ जानेवारी १७६१ नंतर नाना एकटे, उपाशी, वेष पालटून गांवोगांव लपत दक्षिणेकडे आले. पत्नी पुढें त्यांस सुखरूप भेटल्या. गंगास्नानासाठीं म्हणून मुलाबरोबर निघालेली आई भेटली नाहीं. तरुणपणीं लिहिलेल्या आपल्या छोट्या आत्मचरित्रांत नानांनीं तिच्याविषयीं लिहून ठेविलें आहे. राज्यकारभाराच्या कागदांत एरवीं इतका सावध असणारा हा माणूस त्या ठिकाणीं सावध नाहीं.